वाडीवाडीचं आरोग्य मोजायचं तर

रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गाच्या आरोग्यावर काही काम करायचं ठरलं की बहुतेकजण आधी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं जिल्हा पत्रक उघडतात. 2019-21 च्या पाचव्या फेरीचं ते पत्रक उघडायलाच हवं. ते फुकट मिळतं आणि एका जिल्ह्याची दुसऱ्याशी तुलना करता येते. पण ते वाचून एक समजूत घट्ट होते, की कोकण एकंदरीत बरं आहे. शिक्षण बरं, बाळंतपणं दवाखान्यात, रस्ते पोचलेले. ही समजूत खोटी नाही, पण फार अपुरी आहे. ते सर्वेक्षण जिल्ह्याचा अंदाज देण्यासाठीच आखलेलं असतं. त्यातून तालुक्याचा आकडा निघत नाही, गावाचा तर नाहीच. आणि कोकणातली विषमता गावाच्याही खाली, वाडीत राहते.

एकाच महसुली गावाकडे नीट बघा. खालच्या वाडीत एसटीचा थांबा, दुकान, उपकेंद्र. वर सड्यावर धनगरवाडा, आणि अशा कितीतरी धनगरवाड्यांतून आजाऱ्याला अजूनही डोलीत घालून खाली आणावं लागतं. खाडीपलीकडचा कोळीवाडा किंवा मोहल्ला कागदावर त्याच ग्रामपंचायतीत, पण दवाखान्याशी त्याचा संबंध तरीच्या वेळेवर ठरतो. कातकरवाडी शिवेवर, आणि दिवाळीनंतर निम्मीअधिक रिकामी, कारण माणसं वीटभट्ट्यांवर किंवा कोळसा पाडायला गेलेली. या चारही ठिकाणांची सरासरी काढली की जो आकडा येतो, तो यांपैकी कुठल्याच घराचा नसतो.

म्हणून समाजकार्य, नर्सिंग, सामुदायिक आरोग्य शिकणारे विद्यार्थी, संस्थांचे कार्यकर्ते, आपल्याच गावासाठी काही करू बघणारे शिक्षक आणि ग्रामपंचायत सदस्य अशा सगळ्यांना माझं पहिलं सांगणं हेच: प्रश्नावली छापण्याआधी वाड्यांची यादी करा.

यादी एका ठिकाणी मिळणार नाही. ग्रामपंचायतीत घरपट्टीचा नमुना 8 असतो, आशाताईंकडे कुटुंबांची नोंदवही असते, अंगणवाडीत मुलांची यादी असते, रेशन दुकानात कार्डांची. चारही समोर ठेवून ताडून बघा. एका यादीत असलेली आणि दुसरीत नसलेली घरं वेगळी लिहा. सरकारी जमिनीवरची किंवा खोताच्या जुन्या जागेतली झोपडी घरपट्टीत नसेल. बंदरावर भाड्याने राहणारं कुटुंब रेशनच्या यादीत नसेल. ज्या घरांची नोंद कुठेच नाही आणि जी तुम्हाला कुणीतरी बोट दाखवून सांगितल्यावरच कळली, त्या घरांपासून कामाला सुरुवात करा. लसीकरणाचा शंभर टक्क्यांचा फलक याद्यांतल्या मुलांपुरता खरा असतो.

सरकारी मापदंडही ताडून घ्या. सपाट भागात 5,000 लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि 30,000 मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. डोंगराळ, आदिवासी, दुर्गम भागात 3,000 आणि 20,000. हा हिशेब डोक्यांचा आहे. मध्ये खाडी किती रुंद, चढ किती, पावसात पऱ्या ओलांडता येतो का, हे त्यात येत नाही. ते तुम्हाला चालून मोजावं लागेल.

नोंदी काय सांगतात, काय नाही

कोकणातले आकडे वाचताना मुंबई सतत लक्षात ठेवावी लागते. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागे 929 स्त्रिया होत्या आणि रत्नागिरी जिल्ह्यात 1,122. यावरून रत्नागिरीत स्त्रियांचं फार बरं चाललंय असा निष्कर्ष काढला तर तो चुकेल. तो आकडा घर सोडून मुंबईला गेलेल्या पुरुषांचा आहे. त्याच दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 17 लाखांवरून 16 लाख 15 हजारांवर उतरली. मागे राहिलं कोण, तर म्हातारी माणसं, बायका आणि शाळेतली मुलं. आरोग्यसेवेइतकाच सांभाळ करणाऱ्या हातांचा प्रश्न इथे मोठा आहे. रक्तदाबाची गोळी घरात आहे, पण कुठली सकाळची आणि कुठली रात्रीची हे वाचून देणारं कुणी नाही, अशी घरं मोजायची असतील तर प्रश्नावलीत तसा प्रश्न असावा लागतो. तो सहसा नसतो. "घरात तुमच्याशिवाय रोज कोण राहतं?" आणि "रात्री उठवायची वेळ आली तर कुणाला हाक मारता?" हे दोन प्रश्न मी कुठल्याही पाहणीत घालेन.

जन्ममृत्यूच्या नोंदींचीही अशीच गोष्ट. 1969 च्या कायद्याने जन्म किंवा मृत्यू जिथे घडला तिथे नोंदवला जातो. पहिलं बाळंतपण माहेरी झालं की जन्म माहेरच्या ठिकाणी. गावचा माणूस मुंबईच्या रुग्णालयात गेला की मृत्यू मुंबईत. उलट, मुंबईत हयात काढलेला माणूस आजारी होऊन शेवटचे महिने गावी येतो आणि त्याचा मृत्यू गावच्या वहीत चढतो. तेव्हा नुसती ग्रामपंचायतीची वही बघून मृत्यूचं प्रमाण काढू नका. घरोघर जाऊन गेल्या तीन वर्षांत या घरातलं कोण गेलं, कुठे गेलं, शेवटचा महिना कसा होता, हे विचारा. ही तोंडी विचारपूस शास्त्रमान्य पद्धत आहे. महाराष्ट्रात 'कोवळी पानगळ' या अहवालाने बालमृत्यूंच्या सरकारी नोंदी किती अपुऱ्या आहेत हे दाखवलं, ते स्वयंसेवी संस्थांनी गावोगाव जाऊन केलेल्या अशाच मोजणीच्या जोरावर.

ही अडचण आपल्याकडचीच आहे असंही नाही. इंग्लंडचे मुख्य वैद्यकीय अधिकारी ख्रिस व्हिटी यांनी 2021 साली तिथल्या किनारी वस्त्यांच्या आरोग्यावर अख्खा अहवाल काढला. मोठ्या प्रशासकीय विभागांच्या आकड्यांत किनाऱ्यावरच्या गरीब वस्त्या झाकल्या जातात, हा त्यातला एक मुख्य मुद्दा होता.

कधी जायचं

याचा विचार फार कमी लोक करतात. गणपतीत किंवा शिमग्यात पाहणीला गेलात तर घरं चाकरमान्यांनी भरलेली. उत्पन्न, माणसांची संख्या, कोण कुणाला दवाखान्यात नेतं, सगळंच वेगळं दिसेल. मे महिन्यातही तेच. भातलावणीच्या दिवसांत बाई घरी सापडणार नाही आणि सापडली तर चिखलाचे पाय घेऊन दारात उभी राहून दोन शब्दांत उत्तर देईल. पण लेप्टोस्पायरोसिसची भीती आणि तापाचे रुग्ण त्याच हंगामात असतात. काजूचे बोंडू वेचायच्या दिवसांत माकडतापाची. 2016 साली सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात माकडतापाचे रुग्ण सापडले, तेव्हा जंगलात आणि काजूच्या बागांत जाणारी माणसंच त्याच्या तोंडी होती. तेव्हा एका फेरीत भागणार नाही. निदान दोनदा जा, एकदा ऐन पावसात आणि एकदा होळीच्या आधी. दोन फेऱ्यांमधली तफावत हाच पुष्कळदा सगळ्यात कामाचा निष्कर्ष ठरतो.

समुद्रावरच्या माणसांचं वेळापत्रक आणखी निराळं. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. या दोन महिन्यांत स्थानिक मच्छीमार घरी, जाळी दुरुस्त करत बसलेला, बोलायला मोकळा. म्हणून बहुतेक पाहण्या तेव्हाच होतात. पण मिरकरवाडा, हर्णै, नाटे अशा बंदरांतल्या कितीतरी नौकांवर नेपाळी आणि परप्रांतीय खलाशी असतात, आणि बंदी लागली की ते गावाला निघून जातात. म्हणजे जून-जुलैच्या पाहणीत नौकेचा मालक येतो, खलाशी येत नाही. महिनोन्‌महिने नौकेवरच झोपणारा, रेशनकार्ड नसलेला, इथल्या कुठल्याही उपकेंद्राच्या यादीत नसलेला हा माणूस गाठायचा तर हंगामात, नौका बर्फ आणि डिझेल भरायला धक्क्याला लागते तेव्हा जावं लागतं. त्याला नेपाळीत विचारणारं कुणी सोबत असेल तर फारच बरं. पालघरच्या डहाणू-तलासरीकडचे आदिवासी खलाशी उलट दिशेने जातात. ते वेरावळ, पोरबंदर, ओख्याच्या नौकांवर काम करतात. घर महाराष्ट्रात, काम गुजरातेत, आणि आजार भर समुद्रात. त्यांच्या बायकांशी बोलल्याशिवाय हा विषय हातीच लागत नाही.

घड्याळ लावून विचारा

"तुम्हाला आरोग्यसेवा मिळते का?" हा प्रश्न विचारू नका. त्याला "मिळते की" एवढंच उत्तर येतं, विशेषतः आशाताई शेजारी उभ्या असतील तर. त्याऐवजी घडलेला एक प्रसंग घ्या आणि तो मिनिटामिनिटाने उलगडा.

समजा, वरच्या वाडीत मागच्या श्रावणात रात्री नऊला एका आजोबांच्या छातीत दुखायला लागलं. आजीने पहिला फोन कुणाला केला? पुष्कळदा तो मुंबईतल्या मुलाला असतो. मुलाने गावातल्या गाडीवाल्याला फोन केला. गाडीवाला दुसऱ्या वाडीतला. भाडं किती म्हणाला? 108 च्या रुग्णवाहिकेला फोन केला का? केला तर रेंज कुठे मिळाली, अंगणात की टेकाडावर? पाखाडी उतरून डांबरी रस्त्यापर्यंत आजोबांना कुणी आणलं, चार माणसं मिळायला किती वेळ गेला? गाडी कुठून आली? ग्रामीण रुग्णालयात किती वाजता पोचले, तिथे डॉक्टर होते का, ईसीजी निघाला का? तिथून सिव्हिल, आणि सिव्हिलमधून घाट चढून कोल्हापूर किंवा मिरज. घाट त्या दिवशी चालू होता का? घरी परतताना गाडी कुणाची, तिचे पैसे किती? सोबतचा माणूस किती दिवस राहिला, कुठे झोपला, काय खाल्लं, त्याची मजुरी किती बुडाली? काय गहाण पडलं?

हे सगळं डाव्या बाजूला वेळ आणि उजव्या बाजूला खर्च असं एका कागदावर मांडा. मातामृत्यूंच्या अभ्यासात सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी 1994 साली उशिराचे तीन टप्पे मांडले: निर्णय घ्यायला झालेला उशीर, पोचायला झालेला, आणि पोचल्यावर उपचार मिळायला झालेला. तुमचा कागद या तीन टप्प्यांत आपोआप विभागला जाईल. पण कोकणात पहिल्या टप्प्यात मुंबईचा फोन आहे, हे पुस्तकात सापडणार नाही. आजाऱ्याला हलवायचं की नाही, कुठे न्यायचं, पैसे कोण देणार, हा निर्णय तीन-चारशे किलोमीटरवर बसलेला माणूस घेतो. तो फोन लागेपर्यंतचा वेळ वेगळा लिहा. एका वाडीत असे पाच-सहा कागद जमले की प्रत्येक वेळी कुठे अडतं ते स्पष्ट दिसायला लागतं.

योजनांची पाहणीही याच कागदावर होते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत उपचार मिळतो तो योजनेतल्या रुग्णालयात. घरात कार्ड असणं वेगळं आणि हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा उपचार करणारं योजनेतलं रुग्णालय दोन तासांच्या अंतरात असणं वेगळं. नकाशावर या रुग्णालयांच्या खुणा करा. जिल्ह्याच्या, राज्याच्या हद्दी आजाऱ्याला कशा आडव्या येतात तेही पाहा. दोडामार्ग-सावंतवाडीच्या लोकांना गोव्याचं बांबोळीचं वैद्यकीय महाविद्यालय जवळचं. 2018 साली गोव्याने परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लावलं तेव्हा या तालुक्यांत असंतोष उसळला, तो याच अंतराच्या हिशेबातून. सिंधुदुर्गात ओरोसला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं ते त्यानंतर. त्याने नक्की कुणाचा किती वेळ वाचला, हा आज हाती घेण्यासारखा सरळ, उपयोगी विषय आहे. कुणीतरी तो घ्यावा.

विषय गावाकडून घ्या

आधी ठरवून गेलेला विषय आणि गावाला छळणारा आजार यांची गाठ पडतेच असं नाही. महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात 1970 च्या दशकात डॉ. हिम्मतराव बावस्कर रुजू झाले तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने माणसं मरत होती आणि त्यावर खात्रीचा इलाज नव्हता. त्यांनी रुग्णांजवळ बसून नाडी, रक्तदाब, श्वास यांच्या बारीक नोंदी ठेवल्या, त्या 'लान्सेट'मध्ये छापल्या, आणि पुढे प्राझोसिन या स्वस्त गोळीने चाळीस टक्क्यांच्या आसपासचं मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याजवळ आणलं. हे संशोधन आरोग्य केंद्रातच होऊ शकत होतं, कारण विंचू भातखाचरात आणि मातीच्या घरात चावतो.

बायकांच्या दुखण्याबाबतही हेच. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली. 1989 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले, आणि त्याआधी कधीही तशी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम आठ टक्के होत्या. यातून दोन गोष्टी घ्या. विचारल्यावर सगळं सांगितलं जातं असं नाही. बऱ्याच जणींची तक्रारच नव्हती, रोग तपासणीत सापडला. आणि ही तपासणी शक्य झाली, कारण तपासणारी बाई गावाच्या विश्वासातली होती आणि रोग सापडल्यावर उपचाराची सोय होती. मासळी विकणाऱ्या बायकांची पाठ, गुडघे, दिवसभर लघवी दाबून धरल्याने होणारा त्रास, तोंडात मिश्री धरणाऱ्या बायकांच्या जिभेवरचे चट्टे, हे विषय किनाऱ्यावर वाट बघत आहेत. पुरुष विद्यार्थ्याने एकट्याने ते घेऊ नयेत.

लहान आकड्यांचा धोका

वाडीच्या पातळीवर उतरलात की टक्केवारी फसवते. वर्षाला पंधरा जन्म होणाऱ्या गावात एक बाळ गेलं की बालमृत्यूदर हजारी 67 होतो. पुढच्या वर्षी एकही गेलं नाही की शून्य. दोन्ही आकडे छापले तर लोक भांडतील आणि तुम्हाला उत्तर देता येणार नाही. पाच वर्षांची बेरीज करा. पाच वर्षांत 75 जन्म आणि दोन मृत्यू, असं मोकळं लिहा. दर काढायचाच तर सारख्या परिस्थितीच्या अनेक वाड्या एकत्र करून काढा. सगळे धनगरवाडे एका बाजूला, रस्त्यालगतच्या वाड्या दुसऱ्या बाजूला, अशी तुलना खाली-वर किती फरक आहे ते प्रामाणिकपणे दाखवते. आणि प्रत्येक मृत्यूची हकिकत स्वतंत्र लिहा. आकडा लहान असला तरी हकिकत पूर्ण असते.

लहान वाडीत गुप्तताही कठीण. "बत्तीस वर्षांची, दोन मुलींची आई, नवरा खलाशी, क्षयरोगाचे उपचार अर्धवट" एवढं लिहिलंत की नाव न घालताही अख्ख्या गावाला कळतं. वय पाच-दहा वर्षांच्या गटात टाका, वाडीचं नाव बदला, कामाचा तपशील सैल करा. विद्यार्थ्यांचं कामही नीतिसमितीपुढे नेलंच पाहिजे. आयसीएमआरची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं वाचून घ्या. सरपंचांनी, गावकीच्या मानकऱ्यांनी होकार दिला म्हणजे घरातल्या बाईने दिला असं होत नाही. तिला वेगळं विचारा, आणि नाही म्हणाली तर तिथेच थांबा.

पाहणीला निघण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटून एक गोष्ट पक्की करा: रक्तदाब 200 निघाला, एखादीचं हिमोग्लोबिन सहा निघालं, तर त्याच दिवशी कुठे पाठवायचं आणि कोण बघणार. ही सोय नसेल तर यंत्र काढू नका. आजार सांगून निघून जाणं हा अन्याय आहे.

आशाताईंबद्दल दोन शब्द. त्यांच्याशिवाय तुमचं काम होणार नाही, म्हणून त्यांच्या दिवसाचे पैसे तुमच्या खर्चात धरा. त्यांच्या मोबदल्याचा एक भाग कामागणिक ठरतो, आणि तुमच्यासोबत फिरलेला दिवस त्यात कुठेच बसत नाही. हेही ध्यानात असू द्या की त्या कुठल्यातरी एका वाडीच्या आहेत. दुसऱ्या वाडीतली बाई, दुसऱ्या जातीची बाई त्यांच्यासमोर मोकळी होईलच असं नाही. रस्ता त्यांनी दाखवावा, मुलाखत तुम्ही घ्यावी.

निष्कर्ष कुणाच्या हातात

ज्यांनी माहिती दिली त्यांना ती आधी परत मिळाली पाहिजे. दोन पानं, मोठा टाइप, वाडीचा नकाशा, तीन-चार आकडे, आणि दोन मागण्या. मागणी नेमकी हवी. "आरोग्यसेवा सुधारा" यावर कुणीच काही करू शकत नाही. "दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सिस्टर धनगरवाड्यात येऊन रक्तदाब तपासतील आणि महिन्याच्या गोळ्या देतील" यावर आरोग्य केंद्र हो किंवा नाही म्हणू शकतं. "पाखाडीच्या पायथ्यापर्यंत गाडीरस्ता" ही मागणी ग्रामपंचायतीच्या आराखड्यात घालता येते.

पाहणीला गणपती टाळायला सांगितला, पण निष्कर्ष सांगायला गणपतीइतका चांगला मुहूर्त नाही. गावच्या मुंबई मंडळाची माणसं तेव्हा गावात असतात, आणि रात्रीचे फोन त्यांनाच येतात. आपला फोन लागेपर्यंत दीड तास गेला, हे त्यांच्यासमोर मांडलं की गावात उसन्या पैशांचा एक छोटा निधी आणि ठरलेला एक गाडीवाला, एवढं तरी तिथल्या तिथे ठरू शकतं. तीच दोन पानं ग्राम आरोग्य समितीला, आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीला आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना द्या, पोच घ्या. महाराष्ट्रात 2007 पासून काही जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख चालली आणि जनसुनवाया झाल्या; तिथे ज्या तक्रारींना तारीख, वेळ आणि वाडीचं नाव होतं त्यांना उत्तर टाळणं अधिकाऱ्यांना जड गेलं.

मग सहा महिन्यांनी त्याच वाडीत जा. तीच घरं पुन्हा विचारा: सिस्टर आल्या होत्या का, कुठल्या तारखांना, गोळ्या महिनाभर पुरल्या का, रात्री गाडी लागली तेव्हा तो ठरलेला माणूस आला का. ही उत्तरं अहवालाच्या दुसऱ्या भागात घाला आणि तो भागही ग्रामसभेत वाचून दाखवा.